लपवलेली तार आणि गाडीतला साक्षीदार: मुंबई, जालना ते मुलचेरा

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'अं... म्हणजे' काढून टाकलेत.

आजची गोष्ट सुरू होते एका मोबाइल चार्जरपासून.

माझे मामा गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला राहतात. त्यांची भाड्याची बोलेरो आहे. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वे म्हणजे उत्तरेच्या टोकाला वडसा, बस्स. बाकी सगळा कारभार रस्त्यावर. मामांच्या गाडीत एकाच फेरीत मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली ऐकू येतं. बंगाली, कारण फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं या तालुक्यात वसवली गेली. रस्ता जंगलातून, मोबाइलची रेंज कधी आहे, कधी नाही. आणि सुरजागडची खाण सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टी रस्त्यावर लोहखनिजाच्या जड ट्रकांची रांग.

एका संध्याकाळी मामांना रस्त्याच्या कडेला एक दुचाकी आणि तिच्या शेजारी पडलेला माणूस दिसला. धडक देणारी गाडी निघून गेली होती. मामांनी त्याला उचललं, मागच्या सीटवर झोपवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे पहिला प्रश्न आला, "तुम्हीच ठोकलं ना?"

त्यांच्या काचेवर डॅशकॅम होता. मीच दिवाळीला दिला होता. पण तो सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चालायचा, आणि त्या दिवशी एका प्रवाशाचा फोन चार्जिंगला लावायचा म्हणून मामांनी कॅमेऱ्याचा प्लग काढला होता. म्हणजे साक्षीदार जागेवर होता, पण झोपलेला.

चार दिवस मामांनी ठाण्याच्या चकरा मारल्या. गाडी अडकली, भाडं बुडालं. पाचव्या दिवशी तो जखमी माणूस नीट बोलायला लागला आणि म्हणाला, ट्रक होता. प्रकरण तिथेच मिटलं. मामांच्या मनातून मात्र गेलं नाही. फोनवर मला म्हणाले, "बाबू, आता मले सांग. पुढच्या टायमाले काऊन थांबू मी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा मला तोंडपाठ होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं ते सांगतं. छान आहे. पण तुम्ही मदत करणारे आहात की धडक देणारे, हेच जर वादात असेल, तर आधी ते सिद्ध कोण करणार?

म्हणून मी सुट्टी काढली, एक हार्डवायर किट घेतलं आणि मुलचेऱ्याला गेलो. लायटरचा प्लग कायमचा बंद. कॅमेऱ्याची तार छताच्या आतून थेट फ्यूज बॉक्सला. जाण्याआधी नेहमीप्रमाणे वाचत बसलो, की यंत्राने नोंदवलेला पुरावा आपल्याकडे कोर्टात मानायला कधी लागले? आणि सापडलं ते असं, की आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांपैकी दोन मुंबईचे आहेत आणि दोन्हींत एक तार आहे.

पहिला खटला युसुफअली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. निकाल १९६७ चा. मुंबई महापालिकेच्या एका लिपिकाला लाच देऊ केल्याचं प्रकरण. सापळा लागला त्या लिपिकाच्याच घरी. बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या मागे मायक्रोफोन लपवला. आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर, पोलीस आणि एक रेडिओ मेकॅनिक. बाहेर बोलणं चाललंय, आत चकती फिरतेय. विचार करा, त्या काळातला टेपरेकॉर्डर म्हणजे काही खिशात मावणारी वस्तू नव्हे.

न्यायालयाने ती टेप मानली. फोटो जसा घटनेची नोंद, तशीच टेप ही बोलण्याची नोंद, असा साधारण विचार. पण सोबत अटी आल्या. रेकॉर्डिंग कुठे झालं, कधी झालं, बरोबर झालं का, हे माहितगार माणसाने येऊन सांगायचं. आवाज कोणाचे ते ओळखायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेप पुसता येते, तिच्यावर पुन्हा भरता येतं, म्हणून सावध राहायचं. त्या प्रकरणात टेप सील केलेली नव्हती. तिच्यात फेरफार झाल्याचा आरोप कोणी केला नाही, म्हणून ती टिकली.

दुसरा खटला आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. निकाल १९७२ चा, घटना १९६४ ची. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. एका डॉक्टरकडे पैशांची मागणी झाल्याची तक्रार होती. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने दुसऱ्या एका डॉक्टरच्या फोनला, त्याच्या संमतीने, टेपरेकॉर्डर जोडला. आरोपीचं म्हणणं होतं की हे बेकायदा आहे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. संवाद प्रकरणाशी संबंधित हवा, आवाज ओळखता यायला हवा, आणि टेप पुसून बदलल्याची शक्यता शिल्लक राहता कामा नये. शिक्षा कायम राहिली.

दोन्ही ठिकाणी तार लपवली सरकारने, समोरच्याला पकडायला. हे लक्षात ठेवा. कारण गाडीतल्या, विमानातल्या यंत्रांचा इतिहासही बराच काळ असाच आहे. यंत्र वरच्याचं, नजर खालच्यावर.

टॅकोग्राफ नावाचं एक यंत्र युरोपातल्या ट्रकांत बसतं. जुना टॅकोग्राफ गोल कागदी चकतीवर वेग, चालवलेले तास आणि थांबे रेघेने काढत जायचा. १९७० मध्ये युरोपियन आर्थिक समुदायाने नियम केला की ट्रकांत तो हवाच. ब्रिटनमध्ये चालकांच्या संघटना खवळल्या. त्याला त्यांनी नावच ठेवलं, 'केबिनमधला हेर'. ब्रिटिश सरकारने टाळाटाळ केली, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये ब्रिटन हरलं. गंमत अशी की जास्त तास गाडी चालवायला लावणाऱ्या मालकाविरुद्ध तीच चकती चालकाचा पुरावाही ठरू शकत होती. पण यंत्र मालकाचं म्हटल्यावर विश्वास कसा बसणार?

विमानाच्या ब्लॅक बॉक्सचंही तसंच. कॉमेट हे पहिलं प्रवासी जेट विमान. त्याचे एकामागून एक अपघात झाले. त्यातला एक २ मे १९५३ चा, कोलकात्याच्या दमदमहून उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात. ऑस्ट्रेलियातले डेव्हिड वॉरन त्या अपघातांच्या चौकशीशी जोडलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे स्वतःचे वडील १९३४ मध्ये विमान अपघातात गेले होते, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. वॉरन म्हणाले, कॉकपिटमधलं बोलणं आणि यंत्रांचे आकडे नोंदवत राहू, म्हणजे काय झालं ते नंतर कळेल. त्यांच्याच देशातल्या वैमानिकांच्या संघटनेने आधी विरोध केला. आपलं बोलणं कोणीतरी ऐकतंय, ही भावना कोणालाच आवडत नाही.

मग हे उलटं कधी झालं? म्हणजे, चालवणाऱ्यानेच आपल्या बाजूने साक्षीदार कधी बसवला?

एक तारीख सांगतो. २३ जानेवारी १९९१, अमेरिकेतलं टेक्सस. डॅरेल लन्सफर्ड नावाच्या कॉन्स्टेबलने रात्री एक गाडी अडवली. त्याच्या गाडीत व्हिडिओ कॅमेरा होता. गाडीतल्या तिघांनी त्याला पाडून त्याच्याच पिस्तुलाने मारलं. तो एकटा होता. आजूबाजूला पाहणारं कोणी नव्हतं. कॅमेरा मात्र चालू राहिला, आणि त्या टेपच्या आधारे आरोपी पकडले गेले, शिक्षाही झाली.

नंतर रशिया. तिथे खोटे अपघात दाखवून पैसे उकळणं, साक्षीवरून होणारे वाद, यांना कंटाळून सामान्य चालकांनीच स्वतःच्या खर्चाने कॅमेरे बसवले. त्यामुळेच १५ फेब्रुवारी २०१३ ला चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा ती कितीतरी गाड्यांमधून एकाच वेळी चित्रित झाली. शास्त्रज्ञांनी त्या व्हिडिओंवरून तिचा मार्ग काढला. अपघाताच्या भीतीने लावलेले कॅमेरे खगोलशास्त्राच्या कामी आले! पण माझ्या मते खरी बातमी वेगळी होती. पहिल्यांदाच रेकॉर्डिंग करणारा आणि गाडी चालवणारा, दोघं एकच होते.

आता परत महाराष्ट्रात येऊ, थेट जालन्याला. कारण 'माझ्याकडे व्हिडिओ आहे' एवढं म्हणून भागत नाही, हे देशाला सांगणारा निकाल तिथल्या एका निवडणुकीतून आला.

२०१४ ची विधानसभा निवडणूक. जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. फरक फक्त २९६ मतांचा. गोरंट्यालांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. पुरावा काय? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण एक कागद मिळाला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात २००० साली घातलेल्या कलम ६५-बी प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. हे यंत्र नीट चालत होतं, ही प्रत अशी अशी काढली, वगैरे. अर्जदाराने मागून मागून थकल्यावरही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला. निवडणूक रद्दच राहिली, कारण इतरही पुरावा होता. कायद्याचा मुद्दा मात्र पक्का झाला. प्रत देत असाल तर प्रमाणपत्र लागणारच. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला द्यायला लावेल.

आणि या निकालात आपल्या मामांसाठी एक ओळ होती, असं मला वाचताना वाटलं. मूळ यंत्रच कोर्टात आणता आलं, आणि त्याचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला की हे माझं आहे, मी वापरतो, यातच ही नोंद झाली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. लॅपटॉप, टॅबलेट, फोन अशी उदाहरणंही दिली आहेत. म्हणजे मेमरी कार्डवरून व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप वेगळी, आणि ते कार्ड स्वतः वेगळं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यात कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्याकडे आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. इथे माझ्यातला इंजिनीअर खूश झाला. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ ने काढला तर ६४ अक्षरांचा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. १९६७ मध्ये न्यायालयाने जी शंका घेतली होती, की टेप पुसून पुन्हा भरली असेल तर, तिला इतक्या वर्षांनी मिळालेलं हे गणिती उत्तर आहे. लाखेचं सील आता आकड्यांचं झालं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मुलचेऱ्याला बोलेरोत वाकून बसलो होतो. मामा टॉर्च धरून.

किटमध्ये तीन तारा असतात. माझ्या किटमध्ये पिवळी कायम चालू असणाऱ्या करंटची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची, आणि काळी अर्थची. तुमच्या किटचे रंग तुमच्या कागदावर बघा. चावीवर चालणारा फ्यूज कोणता, हे टेस्ट लॅम्प लावून शोधलं. चावी बंद केल्यावर दिवा विझला पाहिजे. एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिनच्या कंट्रोलचा फ्यूज असेल त्याला हात लावायचा नाही. फ्यूज टॅपमध्ये जुना फ्यूज जसाच्या तसा परत जातो आणि कॅमेऱ्यासाठी छोटा वेगळा बसतो. काळी तार बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला, घट्ट.

मग तार लपवणं. काचेच्या वरच्या कडेला छताचं कापड आत जातं, तिथे बोटाने दाबत नेली. दरवाजाचं रबर ओढून त्याच्या मागून खाली आणली, फ्यूज बॉक्सपर्यंत. ज्यांच्या गाडीत काचेजवळच्या खांबात एअरबॅग आहे, त्यांनी तार एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून कधीच नाही. ती फुटली तर तार चाबकासारखी लागेल. खात्री नसेल तर सरळ वायरमनकडे जा, लाजायचं कारण नाही.

मामांनी विचारलं, "एवढी लपवाछपवी कायले?" मी आधी म्हणालो, चांगलं दिसतं. पण खरं कारण ते नव्हतं. उघडी तार कोणीतरी ओढतं, कोणीतरी काढतं, कोणाचा तरी फोन चार्जिंगला लागतो. लपलेल्या तारेला कोणाचा हात लागत नाही. चावी फिरली की कॅमेरा सुरू, चावी बंद की बंद. मामांना काही आठवणीत ठेवायचं नाही. उद्या कोर्टात कोणी विचारलं, 'तुम्ही नेमका त्याच वेळी कॅमेरा चालू केला का?' तर उत्तर आहे, मी चालू-बंद करतच नाही.

पिवळ्या तारेवरून आमचा थोडा वाद झाला. तिच्यामुळे गाडी उभी असतानाही कॅमेरा चालतो. मी हिशोब मांडला. कॅमेरा साधारण तिसरा हिस्सा अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत तीन-सव्वातीन अँपिअर-अवर. ६० च्या बॅटरीला एक रात्र जड नाही, पण गाडी चार-पाच दिवस उभी राहिली तर सकाळी धक्का मारायला लागेल. किटमध्ये कट-ऑफ असतो, बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा बंद. आम्ही त्यातला सगळ्यात वरचा आकडा निवडला. साक्षीदार हवा, पण मध्यरात्री बाळंतिणीला न्यायची वेळ आली आणि गाडीच सुरू झाली नाही, तर काय उपयोग?

पहिली चाचणी घेतली आणि मी हादरलो. बाहेर साडेदहाचं ऊन, आणि व्हिडिओवर वेळ पहाटे पाच! कॅमेऱ्याच्या घड्याळात भारताची वेळ लावलेलीच नव्हती, बरोबर साडेपाच तास मागे. म्हणजे अपघाताच्या दिवशी प्लग लागलेला असता, तरी समोरच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला असता. कुठे आणि कधी, ही १९६७ ची अट माझ्याच निष्काळजीपणामुळे कच्ची राहिली असती. दिवाळीला कॅमेरा देताना दोन मिनिटं काढून मी सेटिंग बघितली नव्हती.

कार्डचंही तसंच. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण आठ-दहा तास मावतात, मग जुनं पुसून नवं भरलं जातं. म्हणून मामांच्या मोबाइलवर चारच गोष्टी लिहून दिल्या. काही घडलं तर गाडी सुरक्षित उभी करून कॅमेरा बंद करायचा. कार्ड काढून पाकिटात ठेवायचं आणि वर तारीख, वेळ, सही. कार्ड कोणाला दिलं तर लेखी पोच घ्यायची. क्लिप कोणत्याही ग्रुपवर टाकायची नाही.

शेवटी मी उत्साहाने म्हणालो, "मामाजी, आत बघणारा दुसरा कॅमेराही मिळतो. प्रवासीही दिसतील, बोलणंही येईल."

मामांनी टॉर्च बंद केला. म्हणाले, "आतलं काही नोको. माया गाडीत कोन बसलं, काय बोललं, हे कोनाले कायले पायजे?" मी गप्प बसलो. गडचिरोलीच्या जंगलात कोण कोणासोबत कुठे गेलं, ही माहिती किती वर्षं माणसाच्या जिवावर बेतू शकत होती, हे मला पुण्यात बसून कळायला वेळ लागला. ब्रिटनच्या ट्रकचालकांची आणि ऑस्ट्रेलियाच्या वैमानिकांची भीती मी आदल्या रात्रीच वाचली होती, आणि तरी सकाळी हेच विचारलं. मायक्रोफोन बंद केला. कॅमेरा फक्त रस्त्याकडे. तारेचं काम आमचं होतं, नजर कुठे वळवायची हे मामांनी ठरवलं.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. पावसात दुचाकीवरून घसरलेला एक पोरगा दिसला होता. मी विचारलं, "थांबलात?"

"थांबलो ना. आधी लाल लाइट पायला, मंग उतरलो."

तर मंडळी, तुमच्या गाडीत कॅमेरा असेल तर आज एक काम करा. त्याचं घड्याळ आणि तुमच्या फोनचं घड्याळ शेजारी धरून बघा. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.